शेटे सरांची मंडळी

परवा एका कार्यशाळेत, चहानंतरच्या सुस्त सत्रात, एका तरुण प्राध्यापकाने दिवे घालवले आणि पडद्यावर ठिपके सोडले. तयार सॉफ्टवेअर होतं. ठिपके किती हवेत ते सांगायचं, प्रत्येकाला दोन-चार साधे नियम द्यायचे आणि बटण दाबायचं. वरून कुणी हुकूम देत नाही, तरी थोड्या वेळात ठिपक्यांचे थवे होतात, रांगा लागतात, वस्त्या वसतात. "शहरंसुद्धा अशीच वाढतात," तो सांगत होता. मी निवृत्त भूगोलवाली. मला बोलावलं होतं ते खुर्ची भरायला. पण पडद्याकडे बघताबघता मी चांगली मोठ्याने म्हणाले, "अहो, ही तर शेटे सरांची मंडळी." शेजारच्या बाईंनी विचारलं, "कोण शेटे?"

त्यांची काही चूक नाही. महालिंग शेटे हे नाव कुठल्या शोधनिबंधावर नाही आणि सर जाऊनही आता बरीच वर्षं झाली. अंबाजोगाईच्या आमच्या कॉलेजात ते संख्याशास्त्र शिकवायचे आणि उरलेल्या वेळात बाजार बसवायचे. सांगण्यासारखं आहे ते हे उरलेल्या वेळातलं.

सर उंच होते आणि उंचीची लाज वाटावी तसे थोडे वाकून चालायचे. कपाळावर विभूतीचे पट्टे, पांढरा शर्ट, शर्टाच्या आत गळ्यातली लिंगाची चांदीची डबी. विचारात पडले की शर्टावरूनच ती चाचपायचे. बोलणं इतकं सावकाश, की वाक्य अर्ध्यावर सोडून खिडकीबाहेर बघत राहायचे. पोरं म्हणायची, शेटे सर वाक्य सुरू करून जेवून येतात आणि मग पूर्ण करतात. पण वाक्य पूर्ण होई हे खरं, आणि ते ऐकायला थांबलेल्याला पस्तावा होत नसे.

ते दिवस मजेचे होते. चौकाचौकात एसटीडीचे बूथ उघडत होते, गच्च्यांवरून केबलच्या तारा लोंबायला लागल्या होत्या, आणि स्टाफरूममध्ये सगळे अचानक अर्थतज्ज्ञ झाले होते. अर्थशास्त्राचे आमचे एक सहकारी टेबलावर बोटं आपटत सांगायचे, "आता सरकार बाजूला होणार. यापुढे बाजारच सगळं ठरवणार." सर एकदा म्हणाले, "कुठला बाजार?"

"बाजार म्हणजे बाजार हो. मार्केट."

"नाही, तुम्ही कुठला बघितलाय? केजचा, का पाटोद्याचा?"

सगळे हसले. सर हसले नाहीत, कारण त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

सरांचं गाव केजच्या बाजूला. घरचं भुसाराचं दुकान होतं आणि ते थेट बाजाराच्या मैदानावर उघडायचं. लहानपणी बाजारच्या दिवशी उठून ओट्यावर यावं तर मैदान रिकामं असे. आंघोळ करून, लिंगपूजा आटोपून पुन्हा बाहेर यावं, तर मिरचीची ओळ लागलेली, पलीकडे मडकी, त्यापलीकडे दोरखंडं, आणि मधून बरोबर दोन माणसं जातील एवढी वाट. "हे कुणी सांगितलं त्यांना?" सर मला विचारायचे. चाळिशी उलटलेला माणूस हे असं विचारायचा की उत्तर माझ्याकडेच आहे आणि मी मुद्दाम सांगत नाहीये.

मग कॉलेजात कॉम्प्युटर आले. संगणक कक्षात एसी, जाड पडदे, दाराबाहेर चपला काढायची सक्ती. उन्हाळ्यात निम्मा स्टाफ देवदर्शनाला आल्यासारखा अनवाणी आत जायचा तो गारव्यासाठी. शेटे सर जायचे ते ठिपक्यांसाठी. पास्कल नावाच्या भाषेत त्यांनी स्वतःच एक प्रोग्रॅम लिहिला होता. परदेशातल्या विद्यापीठांत अशा कामाची चांगली साधनं तयार होत होती म्हणे, पण ती अंबाजोगाईला कशी पोचणार? सरांनी आपलं साधन आपल्या हाताने केलं आणि त्याच्या फ्लॉप्या पेढ्याच्या रिकाम्या डब्यात ठेवल्या.

पडदा काळा, त्यावर हिरवे ठिपके. एकेक ठिपका म्हणजे एकेक विक्रेता. पुस्तकात त्याला एजंट म्हणतात. पण आमच्याकडे एजंट म्हणजे विम्याचा, नाहीतर तहसील कचेरीबाहेर अर्ज लिहून देणारा. सरांना तो शब्द पटेना. ते ठिपक्यांना 'मंडळी' म्हणायचे. लाइट गेली की दार उघडून बाहेर येत आणि म्हणत, "मंडळी गेली." नव्या शिपायाने हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्याचा चेहरा पडला होता.

प्रत्येक ठिपक्याला सरांनी नियम दिले होते. आपल्यासारखाच माल असलेल्याच्या जवळ बस. गिऱ्हाईक जिथून येतं तिकडे सरक. वाट अडवू नकोस. आणि खऱ्या बाजारात सगळे दरवेळी येत नाहीत, म्हणून एखादा ठिपका मध्येच गायब होई आणि काही वेळाने परत येई. बस्स. एवढ्यावर बाजार आपोआप बसायला हवा होता. सरांना आयुष्यात दुसरं काही हवं असल्याचं मी कधी ऐकलं नाही. आणि तेवढंच होत नव्हतं. परत आलेल्या ठिपक्याची जागा कुणी तरी घेतलेली असे. मग तो दुसऱ्याला ढकले, दुसरा तिसऱ्याला, आणि सगळा पडदा उकळत्या आधणासारखा खदखदत राही. सर डबीवर हात ठेवून बघत बसायचे. दुपारी त्या गार अंधारात त्यांच्या चष्म्यावर हिरवे कण फिरत असत. मी पेपर तपासायला तिथे बसत असे. गारव्याचा मोह मलाही होताच. मध्येच ते म्हणत, "बसेनात हो मंडळी." एखाद्याने घरातल्या आजारी माणसाबद्दल बोलावं, तसा तो स्वर असे.

एकदा विद्यापीठाची समिती आली. त्यातल्या एका गृहस्थांनी बराच वेळ पडदा बघितला आणि विचारलं, "यात आज्ञा कोण देतं?"

"कुणीच नाही," सर म्हणाले.

"मग चालतं कसं?"

"चालत नाही अजून."

प्राचार्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. समितीने अहवालात काय लिहिलं कोण जाणे, पण प्राचार्यांनी त्यानंतर कुठल्याही पाहुण्याला त्या खोलीकडे फिरकू दिलं नाही. सरांना ते बरंच वाटलं असावं.

सरांची दुसरी जागा म्हणजे बसस्टँड. एसटी लागली की लोक खिडकीतून रुमाल, टोपी, पिशवी आत टाकून जागा धरतात, ते बघायला सर कँटीनच्या पायरीवर उभे राहायचे. त्या नादात त्यांची स्वतःची गाडी निघून जाई. गिरिजावहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, मला म्हणायच्या, "ह्यांना केजला पाठवलं की संध्याकाळी अंबाजोगाईच्याच स्टँडवर सापडतात." वहिनींना नवऱ्याचं कौतुक होतं, पण त्या ते असं तिखट-मीठ लावून वाढायच्या.

हा गुंता सुटला तो युसूफ वडगावच्या बाजारात. वहिनींना मिरच्या घ्यायच्या होत्या, मला बाजाराच्या गावांचा नकाशा करायचा होता, आणि सर येणार हे कुणी विचारायचंच नव्हतं. बाजार खच्चून भरलेला. एका ओळीत, लसूणवालीच्या शेजारी, एक जागा तेवढी रिकामी दिसली. सरांनी पेपर अंथरला आणि बसले, इथून सगळं नीट दिसेल म्हणून.

लसूणवाली म्हणाली, "सर, हितं नगा बसू. जागा हाय ती."

"कुणाची?"

"कासारणीची. लेकीच्या बाळंतपनाला गेल्यात."

"कधी येणार त्या?"

"येतील की."

सर म्हणाले, "मग तोवर तुम्हीच पसरा की इथं. माल जास्त मांडता येईल."

तिने लसूण निवडता निवडता वर बघितलं. "आन त्या आल्यावर कुठं बसतील?"

सर उठले. पेपर उचलला, आणि जिथे बसले होते तिथली माती हाताने सारखी केली. परतीच्या गाडीत ते म्हणाले, "मॅडम, मी दुकानदाराचा मुलगा. हे मला माहीत नव्हतं असं नाही. आमच्या ओट्यासमोर हेच चालायचं. पण हा नियम आहे, असं कधी वाटलंच नाही. मी प्रत्येकाला त्याच्या फायद्याचे नियम दिले. एसटीत रुमाल टाकतात तो स्वतःसाठी. ह्यात त्या बाईचा काय फायदा?" पुढचं वाक्य त्यांनी खिडकीबाहेर सोडून दिलं आणि घाट चढून गाडी वर आली तरी ते परत आलं नाही.

त्या आठवड्यात त्यांनी प्रोग्रॅममध्ये नवा नियम घातला. शेजारचा ठिपका गायब झाला, तर काही काळ त्याची जागा राखायची. स्वतः घ्यायची नाही आणि दुसऱ्याला घेऊ द्यायची नाही. आणि एका दुपारी मंडळी बसली. आधी सगळं नेहमीसारखंच खदखदलं, मग एका कोपऱ्यात ओळ धरली, तिला दुसरी येऊन भिडली, मधून वाट पडली. गायब झालेला ठिपका परत आला आणि सरळ आपल्या जागी गेला. बाहेर ऊन रणरणत होतं आणि आत त्या काळ्या पडद्यावर एक हिरवं गाव निवांत बसलं होतं. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी माझ्या अंगावर काटा आला. सर रडत होते. चष्मा न काढता, आवाज न करता, अगदी बिनघोर.

वहिनींना बोलावणं गेलं. त्या चपला काढून आत आल्या, पदर सावरून पडद्यासमोर बसल्या. "छान आहे," म्हणाल्या. "पण माल विकला न्हाई तर हे काय खातात?"

सर हसले. "ठिपक्यांना पोट नसतं," म्हणाले.

सरांची कहाणी इथे संपली असती तर किती बरं झालं असतं, असं मला पुढे बरेच दिवस वाटत होतं. पण सरांच्या गावचे सरपंच जीप घेऊन आले. त्यांना सगळे नाना म्हणत. जुन्या बाजाराच्या जागेवर दुकानांचं संकुल उठणार होतं आणि बाजार माळावर नव्या मैदानात जाणार होता. नानांनी दाराशी बूट काढले, गॉगल खिशात घातला आणि म्हणाले, "आप्पा, तुमच्याकडं कंपुटर हाय. नव्या बाजाराचा नकाशा काढून द्या. नंबर टाकून. ज्याचा नंबर त्यानं तितं बसायचं."

गावात सरांना आप्पा म्हणत. आप्पा म्हणाले, "नंबर नका टाकू, नाना. मैदान मोकळं सोडा. मंडळी आपापली बसतील."

"कोन मंडळी?"

सरांनी पडदा दाखवला. नानांनी शांतपणे सगळं बघितलं. राजकारणातला माणूस, गर्दी कशी जमते हे त्याला कळत होतं. "लई भारी हाय," ते म्हणाले. "पन बाजार मोडला तर? शेजारचं गाव टपूनच बसलंय."

"नाही मोडणार."

सर इतकं चटकन वाक्य पूर्ण करताना मी प्रथमच ऐकलं. मला ते खटकलं. नाना म्हणाले, "बरं. तुमचा शबूद. दिवाळीपत्तोर बघू, न्हाई जमलं तर नंबर."

नव्या मैदानावरच्या पहिल्या बाजाराला सर गेले ते लग्नाला निघावं तसा इस्त्रीचा शर्ट घालून. परत आले ते मांडीवर टोमॅटोचं टोपलं घेऊन. तिथे नुसता गोंधळ उडाला होता. जो तो रस्त्याकडेची जागा धरायला धावला, मिरचीवाले कपड्यात आणि कपडेवाले शेळ्यांत. चंपाबाई नावाची एक भाजीवाली, सरांच्या दुकानासमोर वर्षानुवर्षं बसणारी, दिवसभर डोक्यावर टोपलं घेऊन फिरली आणि शेवटी तिने ते सरांच्या पायाशी ठेवलं. "आप्पा, तुमीच म्हनालता म्हनं मोकळं सोडा. मला गिऱ्हाईक घावंना आन गिऱ्हाइकाला मी. न्या आता घरी. न्हाईतर सडतील."

वहिनींनी आठवडाभर टोमॅटोचं सार केलं आणि सगळ्या स्टाफला पाजलं. सरांनी त्याला तोंड लावलं नाही.

पुढचा बाजार विरळ भरला, त्यापुढचा आणखी विरळ. लोक शेजारच्या गावाला जायला लागले. सरांचा धाकटा भाऊ शिवाप्पा, दुकान तोच बघायचा, एक दिवस कॉलेजात आला. पडद्यावर मंडळी छान बसली होती. त्याने तिकडे बघितलंही नाही. "दादा," तो म्हणाला, "बाजार एकदा गावातून गेला की माघारी येत न्हाई. दुकान बसंल आपलं. आन आपलंच न्हाई, निम्मं गाव बसंल. कावून हट्ट धरलाय? नंबर देऊन टाक."

तो गेल्यावर सरांनी कॉम्प्युटर बंद केला. "मी माणसांवर प्रयोग केला, मॅडम," ते म्हणाले. "ठिपक्यांना पोट नसतं म्हणालो होतो ना मी." मला त्यांचा हात धरावासा वाटला. आमच्याकडे तेव्हा सहकाऱ्याचा हात धरायची रीत नव्हती. मी पेपरांचा गठ्ठा सारखा करत बसले.

दोन दिवसांत त्यांनी नंबरांचा नकाशा केला. प्रिंटरने किरकिरत तो कडेला भोकं असलेल्या लांबलचक कागदावर छापला. चौकोनच चौकोन, प्रत्येकात आकडा. सरांनी त्याची वळकटी केली आणि मला म्हणाले, "चुन्याच्या फक्कीने रेघा मारायला याल का? तुमच्याकडे मोजायची टेप आहे." माझं नांदेडच्या कॉलेजात ठरलं होतं, महिनाअखेर मी अंबाजोगाई सोडणार होते. सरांबरोबरचं हे शेवटचं काम म्हणून गेले.

दुपारी आम्ही माळावर पोचलो. बाजार दुसऱ्या दिवशी होता. नाना संध्याकाळी नकाशा घ्यायला येणार होते. चुन्याची पिशवी माझ्या हातात, वळकटी सरांच्या काखेत. मैदान रिकामं होतं, आणि तरी रिकामं नव्हतं. सगळीकडे वस्तू मांडलेल्या होत्या. विटा, अर्धं मडकं, दगडाखाली दाबलेला पोत्याचा तुकडा, फुटकी पाटी, एक पालथी चप्पल. ऊन कलायला लागलं होतं आणि प्रत्येक वस्तूची लांब सावली पडली होती. मी टेप काढणार तोच लक्षात आलं, की त्या ओळींत आहेत. ओळींमधून वाटाही होत्या. दोन माणसं जातील एवढ्या.

मैदानाच्या पार टोकाला चंपाबाई वीट ठेवत होती. आम्ही जवळ गेलो.

"हे काय, चंपाबाई?" सरांनी विचारलं.

"जागा हायत. गेल्या बाजारी ठरलं. जे हजर होते त्येंनी ठेवल्या."

"ही तुमची?"

"ही माजी. ही मिरचीवाल्या सोजरची."

"सोजर तर शेजारच्या गावाच्या बाजाराला जाते आता."

"गेलती. तितं परक्या गावात कुनी जागा देईना. येईल उद्या."

"आणि नाही आली तर?"

"तर पुडल्या बाजारी येईल. तवर हाय की जागा."

सर माझ्याकडे वळून अगदी हळू म्हणाले, "मॅडम, माझ्या प्रोग्रॅममध्ये आधी बसून गेलेल्याचीच जागा राखतात. सोजर इथे अजून बसलेलीच नाही. एकदाही नाही." हात शर्टावरून डबीकडे गेला. "जे आलेच नाहीत त्यांची जागा." वाक्य तिथेच थांबलं, आणि या वेळी त्याला पुढे काही नव्हतंच.

चंपाबाईने कंबर सरळ केली. "आप्पा, कागुद कसला हाय?"

"काही नाही," सर म्हणाले. "मॅडम, फक्की राहू द्या."

तो बाजार आजही त्याच मैदानावर भरतो. नानांनी नंबर कधीच टाकले नाहीत. दुसऱ्या दिवशी सोजर आली का, हे मात्र मला माहीत नाही. मी विचारलं नाही आणि मग विचारायला सर उरले नाहीत.

त्या दिवशी आम्ही बोलत होतो तेवढ्यात अंबाजोगाईची शेवटची गाडी रस्त्यावर लागली. सर म्हणाले, तुम्ही निघा, मी नानांना भेटून येतो. मी खिडकीशी बसले आणि मागे बघितलं. चंपाबाई गावाकडे निघाली होती. मैदानात सर एकटेच होते, काखेत वळकटी, आणि तिरपं ऊन सगळ्या माळावर पसरलेलं. नानांना गाठायला त्यांना रस्त्याकडे यायचं होतं. सरळ आडवं चालत आले असते तर लगेच पोचले असते. पण ते एका ओळीच्या कडेने शेवटपर्यंत गेले, वळले, दुसऱ्या वाटेने परत आले. कुठल्याच जागेवर पाय दिला नाही. एका ठिकाणी, दोन विटांच्या मध्ये, ते थांबले आणि अंग चोरून बाजूला झाले, समोरून कुणी डोक्यावर ओझं घेऊन येत असावं आणि त्याला वाट द्यावी तसे. मग पुढे निघाले.